पांढरीची साक्ष आणि आपली शाळा

(केंद्रातील शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पाचवीच्या परिसर अभ्यासात अश्मयुगापासूनची मानवाची वाटचाल आहे. हा भाग शिकविताना मुले दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न, "गुरुजी, हे सारे कोणी पाहिले होते?" आणि दुसरा, "मग तुम्हांला कसे कळले?" या प्रश्नांना "पुस्तकात लिहिले आहे" असे उत्तर दिले की मुले गप्प बसतात, परंतु त्यांचे समाधान होत नाही. ते कसे करता येईल, आणि त्यासाठी आपल्याच गावची माती कशी उपयोगी पडेल, याविषयी मी आज बोलणार आहे. आरंभ मात्र माझ्या एका चुकीपासून करतो.

१९९५ च्या सुमारास मी नदीकाठच्या एका खेड्यात सहायक शिक्षक होतो. गावालगत एक टेकाड होते. लोक त्यास जुनी पांढरी म्हणत. आपल्या खेड्यांत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख साठते, तीवर पुन्हा घरे उठतात आणि ती जमीन पांढुरकी व उंच होते. त्या टेकाडावर पावसाळ्यानंतर खापरे, मणी व गारगोटीची धारदार पाती उघडी पडत. तालुक्याचे प्रदर्शन जवळ आले होते. मी मुलांना सांगितले, "जो जास्त वस्तू आणील त्याला वही बक्षीस." मुलांनी दोन घमेली भरून वस्तू आणल्या. आम्ही त्या सोड्याच्या पाण्याने स्वच्छ धुतल्या, उत्तम तेवढ्या निवडून पुठ्ठ्यावर चिकटविल्या आणि मण्यांची माळ ओवली.

याच उत्साहात एके दिवशी मुलांना टेकाडाच्या कडेला दोन मडकी दिसली. ती आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवलेली होती. मुलांना वाटले, गुप्तधन! मला बोलावणे आले. मीही उत्सुक होतो, हे कबूल करतो. मडकी फोडली. आत मातीखेरीज काही नव्हते. काही बारीक, नाजूक हाडे तेवढी होती. "कोंबडीची असतील," असे मी म्हणालो आणि ती तेथेच टाकून दिली.

प्रदर्शनाला पुरातत्त्वाचे एक अभ्यासक आले होते. त्यांनी आमचा फलक बारकाईने पाहिला व प्रत्येक वस्तूविषयी विचारले, "ही कोठे मिळाली? किती खोलीवर? तिच्याजवळ आणखी काय होते?" प्रत्येक प्रश्नाला माझे एकच उत्तर होते, "टेकाडावर." ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, खापरे छान जमविलीत; पण आता ती फारसे काही सांगू शकणार नाहीत." त्या वेळी मला त्यांचे म्हणणे नीट उमगले नाही. पुढे काही वर्षांत गावकऱ्यांनी ते टेकाड ट्रॅक्टरने उकरून माती शेतात नेली. आज तेथे सपाट जमीन आहे. माझी चूक सुधारण्याचा मार्गही उरला नाही.

त्या अभ्यासकांच्या प्रश्नांचा अर्थ समजण्यासाठी फार दूर जावयास नको. गावचा उकिरडा पाहिला तरी पुरे. त्यात तळाशी गेल्या वर्षीचा केर असतो आणि वर आजचा. तळाशी आढळलेली वस्तू वरच्या वस्तूहून आधी पडलेली असते, हे कोणतेही मूल सांगेल. टेकाडाचेही तसेच आहे. प्रत्येक थर म्हणजे एक काळ. एकाच थरात खापर, धान्य व कोळसा शेजारीशेजारी सापडले, तर ते एकाच काळाचे असण्याचा संभव फार. कोळशाचे वय प्रयोगशाळेत काढता येते. सजीव मरण पावल्यावर त्याच्यातील कार्बन-१४ हा पदार्थ ठरावीक गतीने घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. चुलीतील कोळशाचे वय कळले की त्याच थरातील खापराचे वयही कळते. पण खापर उचलून घमेल्यात टाकले की हा धागा तुटतो. वस्तू हाती राहते, तिची साक्ष जाते.

ही साक्ष जपली तर काय मिळते, याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून सुमारे बारा हंगाम डेक्कन महाविद्यालयाने उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी त्याचे मार्गदर्शन केले. अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. थराथराने झालेल्या या कामामुळे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांचे ग्रामजीवन आपल्यापुढे उभे राहिले. तेथे १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. लेखनविद्या त्या लोकांस अवगत नव्हती. एकाही राजाचे नाव तेथे सापडत नाही. तरीसुद्धा ते कुठे झोपत, चूल कोठे मांडीत, धान्य पेवात आणि कणगीत कसे साठवीत, हे आपणांस ठाऊक झाले आहे. सातू हे त्यांचे मुख्य पीक होते. गहू, मसूर, कुळीथ हेही ते पिकवीत. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घातला होता आणि पाट काढला होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट! पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या तालुक्यांतील मुलांना ही गोष्ट सांगून पहा. त्यांना ती परक्यांची वाटणार नाही.

जळून कोळसा झालेले धान्य शेकडो वर्षे टिकते. अशा स्थळांवरची माती पाण्यात कालविली की जड माती खाली बसते आणि हलके जळके दाणे वर तरंगतात. आपल्या घरी धान्य पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे काढतात, तसेच हे. विज्ञान किती साध्या हातांनी चालते, हे मुलांना दाखविण्यास याहून चांगला दाखला नाही.

इनामगावची कथा सुखाचीच आहे असे नाही. सुरुवातीची घरे ऐसपैस व चौकोनी होती. इ. स. पूर्व १००० च्या पुढे लहान लहान गोल झोपड्या दिसू लागतात. शेती घटली, पशुपालन व शिकार यांवर भर आला, आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले. पाऊस कमी झाल्याने हे घडले, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. याच अवशेषांचा निराळा अर्थ लावणारे अभ्यासकही आहेत. येथे शिक्षकाने एक भेद स्पष्ट करावा: झोपड्या गोल झाल्या, हे पाहिलेले आहे, दुष्काळामुळे झाल्या, हे त्यावरून केलेले अनुमान आहे. फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात "काय सापडले" आणि दुसऱ्यात "त्यावरून काय वाटते". एवढ्या एका सवयीने मुलांच्या बुद्धीस जे वळण लागेल, ते दहा धडे पाठ करून लागणार नाही.

आता ती दोन मडकी. इनामगावचे लोक आपल्या मृतांना बहुधा घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांचे डोके उत्तरेकडे असे आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागे समजूत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक पुरुष चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, पाय दुमडून बसविलेला सापडला. तो गावचा प्रमुख असावा. त्याची पावले मात्र शाबूत आहेत. आणि लहान बालकांना हे लोक दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांस जुळवून, आडवे पुरीत.

बंधुभगिनींनो, ही माहिती मी प्रथम वाचली ती त्या प्रदर्शनानंतर सहा-सात वर्षांनी. वाचता वाचता मी थांबलो. ज्यास मी कोंबडीची हाडे म्हटले, ते बहुधा एक मूल होते. कोणा आईने त्यास घराबाहेर जाऊ दिले नाही; स्वतःच्या पायाखालच्या जमिनीत, आपल्या उशापायथ्याशी ठेवले. तीन हजार वर्षे ते तेथे सुरक्षित होते, आणि एका शिक्षकाने, तेही पन्नास मुलांच्या देखत, ते फोडले. त्या मुलांना त्या दिवशी मी काय शिकविले, याचा विचार आजही मनास टोचतो. म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक संमेलनात सांगतो.

वस्तू थोर आणि तिची जागा हरवलेली, असे झाले म्हणजे विद्वानांपुढेही कसा पेच पडतो, ते दायमाबादच्या उदाहरणावरून समजेल. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे स्थळ आहे. १९७४ साली तेथील एका ग्रामस्थास झुडपाचे मूळ खणताना धातूच्या चार मूर्ती सापडल्या. दोन बैलांचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा त्या मूर्ती असून त्यांचे एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. त्या भंगारात गेल्या नाहीत आणि आज त्या राष्ट्राचा ठेवा झाल्या आहेत, हे आपले भाग्य. परंतु त्या शिस्तीने चाललेल्या उत्खननात, नोंदलेल्या थरातून मिळाल्या नाहीत. पुढे १९७५ ते १९७९ या काळात डॉ. शां. अ. साळी यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. ते व इतर काही अभ्यासक या मूर्ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानतात. मूर्तींच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण अधिक आहे; तेवढ्यावरून डॉ. धर्मपाल अगरवाल यांनी त्या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात, अशी शंका घेतली. वाद मिटलेला नाही. सापडविणाऱ्याचा यात काही दोष नाही. मूळ खणताना थर कोण मोजतो? सांगावयाचे ते एवढेच, की थराची नोंद असती तर या वादाला फारशी जागा उरली नसती.

मानवाच्या वस्तूंविषयी जे खरे, तेच त्याहून कितीतरी प्राचीन अशा जीवाश्मांविषयीही खरे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील शेतांत डायनोसॉरच्या काळातील दगड बनलेली विष्ठा मिळते. शेणाचा दगड तो. त्याला किंमत कोण देणार? परंतु डॉ. वंदना प्रसाद, डॉ. अशोक सहानी व त्यांचे सहकारी यांनी तो विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे कण मिळाले. उसाच्या पानाने हात कापतो तो या कठीण पदार्थाच्या धारेमुळेच, हे ग्रामीण मुलाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २००५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच पृथ्वीवर गवत आले, असा समज होता. पिसदुऱ्याच्या शेणाने तो बदलला. ते प्राणी असतानाच येथे निदान पाच प्रकारची गवते होती, असे ठरले. ती विष्ठा कोणत्या खडकाच्या थरातील आहे, हे निश्चित ठाऊक होते, म्हणूनच हा निष्कर्ष काढता आला.

शेजारच्या मध्य प्रदेशात धार जिल्ह्याच्या परिसरात डायनोसॉरची ९२ घरटी व त्यांतील २५६ अंडी आढळल्याचा शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच जिल्ह्यातील पाडल्या गावी शेतात मिळालेले वाटोळे दगड लोक काकड भैरव म्हणून, शेतीचे व गुरांचे रक्षण करणारा देव म्हणून पुजीत असत. ते डायनोसॉरची अंडी आहेत, असे तज्ज्ञांनी ओळखल्याचे वृत्त त्याच वर्षाच्या अखेरीस आले. काहींना याचे हसू आले. मला हसू आले नाही. त्या शेतकऱ्यांना दगड निराळा आहे हे दिसले, आणि त्यांनी तो फोडला नाही, फेकला नाही, आदराने ठेवला. मी शिकलेला असून मडकी फोडली.

तसाच अनुभव कोकणचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर माणसे, मासे, हत्ती, वाघ, गेंडा अशी मोठमोठी चित्रे कोरलेली आहेत. आज कोकणात गेंडा नाही. कोरणाऱ्यांना तो ठाऊक होता. २०१२ पासून श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांनी गावोगाव हिंडून अशा कातळशिल्पांचा मोठ्या प्रमाणावर शोध घेतला. गुराखी, शेतकरी व वृद्ध ग्रामस्थ यांनी त्यांना वाटा दाखविल्या. यांपैकी महाराष्ट्रातील आठ व गोव्यातील एक, अशा नऊ स्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. गावच्या माणसाला जे ठाऊक असते ते ऐकून घेणारा कोणी भेटला, म्हणजे असे घडते.

येथे अध्यापनाची एक अडचण सांगतो. डायनोसॉर आणि आदिमानव एकत्र वावरत होते, असे चित्रपट पाहून मुलांना वाटते. "कोट्यवधी वर्षे" हे शब्द ऐकून तो गैरसमज जात नाही. त्यासाठी मैदानावर वा शाळेच्या वाटेवर एक प्रयोग करावा. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे, असे प्रमाण धरावे. मुलांनी "आज" पासून ६६ मीटर चालत जावे. तेथे डायनोसॉरचा शेवट झाला. परत येताना त्यांना चालतच राहावे लागेल, आणि माणसाचा पत्ता नसेल. अखेरच्या तीन मीटरांच्या आत आपल्या मानवी कुळाचा प्रारंभ होतो. मोरोक्कोत मिळालेल्या व २०१७ साली जाहीर झालेल्या अवशेषांनुसार आपल्या जातीचा माणूस सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचा. तो शेवटच्या ३० सेंटिमीटरांत, म्हणजे एका पट्टीत आला. आणि इनामगाव? "आज" पासून अवघे साडेतीन मिलिमीटर. ज्वारीचा एक दाणा ठेवावा, इतकेच अंतर. हा दाणा प्रत्येक मुलाच्या हाती द्यावा. ते विसरणार नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. आपणांकडून मी चार गोष्टींची अपेक्षा करतो.

पहिली गोष्ट, खणावयाचे नाही आणि जमवावयाचे नाही. वस्तू जास्त आणणाऱ्यास बक्षीस देण्याची माझी चूक कोणी करू नये. बक्षीस द्यावयाचेच तर उत्तम नोंद करणाऱ्यास द्यावे.

दुसरी गोष्ट, शाळेत एक साधी वही ठेवावी. नांगरताना, विहीर वा पाया खणताना काही आढळल्याचे मुलाने सांगितले, तर तारीख, जागा, अंदाजे खोली व शेजारी काय होते, एवढे तिच्यात लिहावे. मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मात्र वस्तूशेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळेल. वस्तू धुऊ नये, तेल लावू नये, चिकटवू नये. शक्य तर हलवूही नये.

तिसरी गोष्ट, केंद्रप्रमुख व तलाठी यांच्यामार्फत वरिष्ठांस आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे. जमिनीत दडलेला मौल्यवान ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे, हे शेतकऱ्यांना धाक न घालता समजावून द्यावे. कळविले तर शेत जाईल, या भीतीने लोक वस्तू लपवितात. तेथे शिक्षकाच्या शब्दाचा उपयोग होतो.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे. गावचे टेकाड कोणी उकरीत असेल, तर ग्रामसभेत उठून बोलावे. पांढरीची माती शेताला चांगली, हे खरे आहे आणि शेतकऱ्याची गरजही खोटी नाही. म्हणून भांडण करू नये. निदान मातीत हाडे, मडकी दिसताच काम थांबवून कळवावे, एवढे गावाकडून मान्य करून घ्यावे. ट्रॅक्टरने नेलेला थर पुन्हा भरता येत नाही.

मित्रहो, आपल्यापुढे पटाची, निकालांची व अहवालांची किती कामे असतात, हे मी जाणतो. हे आणखी एक काम म्हणून मी आपल्या माथी मारीत नाही. तसे परिपत्रकही निघणार नाही. पण गावात विहिरीचा पाया खणताना निघालेले खापर प्रथम मुलाच्या हाती पडते, आणि मूल ते प्रथम गुरुजींना किंवा बाईंना दाखविते. पुण्या-मुंबईचे अभ्यासक त्यानंतर येतात. पुष्कळदा येतही नाहीत. त्या पहिल्या क्षणी आपण काय म्हणतो, यावर सारे अवलंबून आहे. मी "कोंबडीची असतील" असे म्हणालो होतो. आपण "हे कोठे होते, मला दाखव" असे म्हणावे, आणि मुलाबरोबर तेथवर चालत जावे.